वाऱ्यावाचून जगणारा योगी

ठाणे, ४ नोव्हेंबर १८९४

तीर्थस्वरूप सौ. ताईस महिपतचे साष्टांग नमस्कार, आणि नमस्काराबरोबर एक डोकेदुखीही पाठवीत आहे.

शाळेत पोरांना भूमितीशी झुंजवून जो वेळ उरतो त्यात मी एका मासिकासाठी शास्त्रीय लेख लिहितो, हे तुला ठाऊक आहे. या खेपेला संपादकांनी सूक्ष्म जंतूंवर लेख मागितला. जंतू मला वश आहेत, पण घोडे एका शब्दापाशी अडले आहे. तीसेक वर्षांपूर्वी फ्रान्सातल्या एका शास्त्रज्ञाला असे जंतू सापडले की जे प्राणवायूवाचून जगतात. काहींना तर प्राणवायू लागला की ते मरतात! त्याने त्यांचे नाव ठेवले 'अ‍ॅनेरोब'. ग्रीक भाषेत अन् म्हणजे नाही, एर म्हणजे हवा आणि बिऑस म्हणजे जीवन. गंमत अशी की नावात नुसती हवा म्हटली आहे, पण रोख सगळा हवेतल्या प्राणवायूवर आहे.

आता याला मराठीत काय म्हणावे? मी चार शब्द घडवले: निर्वातचर, अपवनजीवी, अवायुजीवी आणि प्राणवायुपराङ्मुख. शेवटचा ऐकून लक्ष्मी म्हणाली, "हे कुठल्या संस्थानिकाचं नाव?" बायकोने असे म्हटल्यावर नवऱ्याने काय करावे? बहिणीला पत्र लिहावे.

वाचकाला ही गोष्ट पटावी म्हणून मी लेखात एक दाखला योजला आहे. समज, एक योगी खड्ड्यात समाधी लावून बसला आणि वरून लोकांनी माती लोटली. महिन्याने उकरून पाहावे तर महाराज टवटवीत. हे जंतू तसे. तुला दाखला कसा वाटतो आणि चारांतला कोणता शब्द जिभेवर बसतो, तेवढे कळव. तुझ्या कानावर माझा भरवसा आहे. भावोजींना नमस्कार. प्रकृती जप.

तुझा महिपत

*

कल्याण, ११ नोव्हेंबर १८९४

चि. महिपतला कलावतीचे अनेक आशीर्वाद. डोकेदुखी पोचली. सुंठ उगाळून लावली, उतरली. तारीख तुझ्या पद्धतीची घातली आहे, तिथी लिहायची तर सासूबाईंना विचारावी लागते.

तुला एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. या घरात आलेले पत्र माझे एकटीचे नसते. दुपारची जेवणे झाली की सासूबाई माजघरात पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "हं, वाच." त्यांना अक्षर येत नाही, पण मी एखादी ओळ गाळली तर नेमकी कळते. तेव्हा लिहिताना दोघींसाठी लिहीत जा.

शब्दांचे सांगते. 'अपवनजीवी' म्हणताना माझाच श्वास संपला. 'निर्वातचर' हा एखादा हेर वाटतो. संस्थानिकाबद्दल लक्ष्मीशी मी सहमत आहे. 'अवायुजीवी' बरा, तो तोंडात अडकत नाही. तुझे भावोजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून आले, त्यांनाही तोच आवडला. म्हणाले, "उन्हाळ्यात आमच्या साहेबाच्या खोलीत बसणारे सगळे कारकून अवायुजीवीच."

पण खरी मोहिनी पडली ती सासूबाईंवर. मला तीनदा वाचायला लावले.

"श्वास न घेता जगतो म्हणतेस?"

"प्राणवायूवाचून, सासूबाई."

"तेच ते. म्हणजे कुंभक साधलाय त्याला. आमच्या साताऱ्याकडे एक महाराज घटकाभर श्वास कोंडायचे, तर लोक गाड्या जुंपून दर्शनाला जायचे. आणि हा एवढासा जीव जन्मभर! महिपतरावांना विचार, हे राहतात कुठे?"

तर विचारते, राहतात कुठे? दर्शनाची सोय असली तर तीही कळव.

माझी प्रकृती बरी आहे. सातवा सरला. सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीची तयारी मांडली आहे. मानपाड्याच्या सगुणा सुईणीला सांगून ठेवले आहे. मी मात्र काही मांडत नाही. दोन खेपा झबली-टोपडी शिवली आणि दोन्ही खेपांना आठव्या-नवव्या दिवशी ती घडी करून ठेवायची पाळी आली. या खेपेला सुई हातात धरवत नाही. असो. लक्ष्मीला आशीर्वाद.

तुझी ताई

*

ठाणे, १८ नोव्हेंबर १८९४

ती. सौ. ताईस सा. न. आणि सासूबाईंना माझा खास दंडवत. (हे मोठ्याने वाच.)

'अवायुजीवी' पक्का! संपादकांनाही कळवून टाकले. आता शब्द आला म्हणजे तो वापरायचा कसा, तेही ठरले पाहिजे. जंतू अवायुजीवी, त्याचे जगणे अवायुजीवन. भावोजींना सांग, कारकुनांना हे नाव लागू पडत नाही. कारकून गुदमरतात. ज्याला प्राणवायूवाचून चालते, तोच खरा अवायुजीवी. त्यांच्यातही दोन जाती. एक कट्टर, हवेची झुळूक लागली की खलास. दुसरी सोयीची, हवा असली तर हवेवर, नसली तर त्यावाचून. ताडीच्या मडक्यात फेस आणणारी मंडळी या दुसऱ्या जातीतली. आपल्याकडच्या पुढाऱ्यांतही ही जात मुबलक आहे, पण ते लेखात घालता येत नाही.

राहतात कुठे, या प्रश्नाने मला फार आनंद झाला. सासूबाई, हवा जिथे पोचत नाही तिथे सगळीकडे. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी उभे राहिले की काळ्या चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो यांच्याच मुदपाकखान्याचा. बागेतल्या मातीत ते आहेत, गुरांच्या पोटात आहेत आणि शेणात तर त्यांचा मठच आहे.

मात्र सगळेच सज्जन नव्हेत. एक आहे तो धनुर्वात आणतो. पाच वर्षांपूर्वी जर्मनीत एका जपानी डॉक्टराने तो बिनहवेच्या भांड्यात वाढवून दाखवला. पायात खिळा रुततो, वरून जखम बुजते, आत हवा जात नाही, की हे महाशय तिथे संसार थाटतात. मग जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखे ताठते आणि माणूस हातचा जातो. धुतलेल्या, मोकळ्या जखमेत त्याची डाळ सहसा शिजत नाही.

लेख झकास होणार असा माझा अंदाज आहे. तुझा

महिपत

*

कल्याण, २५ नोव्हेंबर १८९४

चि. महिपतला आशीर्वाद.

तुझ्या पत्राने आमच्या आळीत तुझे नाव झाले. 'शेणात त्यांचा मठच आहे' हे वाक्य वाचले मात्र, सासूबाईंनी गुडघ्यावर हात मारला. "बघ! उगाच का आपले वाडवडील गोमय पवित्र म्हणत होते?" आणि उठून थेट गोठ्याकडे गेल्या, तांबडीला गूळ घालायला. धनुर्वाताचा मजकूर मी मग गोठ्याच्या दिशेने तोंड करून एकटीनेच मोठ्याने वाचला, कारण पत्र अर्धे टाकायची आमच्याकडे रीत नाही.

संध्याकाळपर्यंत चार घरी वार्ता गेली की कल्याणच्या शेणात योगी आहेत आणि हे इंग्रजी पुस्तकात छापलेले आहे. शेजारच्या काकूंनी विचारले, म्हशीच्या शेणातही असतात का? सासूबाई म्हणाल्या, असतील, पण सिद्धीला पोचलेले नसणार.

जेवताना त्यांनी सगळ्याचा उलगडा केला. "जन्मलेल्या मुलाच्या नाळेवर आपण शेण का थापतो? कोवळ्या जिवाच्या बेंबीशी योगी राखणीला बसवतो आपण. आजवर रीत होती, कारण कळत नव्हतं. या खेपेला तांबडीचं ताजं शेण घेणार आहे मी, आणि चांगलं जाड थापणार आहे. मागच्या दोन्ही वेळी हात आखडला होता माझा." आणि माझ्या ताटात तुपाची धार सोडली.

एवढ्या मायेने वाढतात रे त्या, की नको म्हणवत नाही.

बाकी ठीक. एक सहज विचारते. धनुर्वात अगदी लहान मुलालाही होतो का? लहान म्हणजे, आठ दिवसांच्या. सवडीने लिही, घाई नाही.

ताई

*

ठाणे, २८ नोव्हेंबर १८९४

ताई,

हे पत्र भावोजींच्या मालधक्क्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. ते तुझ्या एकटीसाठी आहे.

तुझे पत्र मी हसत हसत वाचले, शेवटच्या ओळीसुद्धा. लेखात घालायला मुद्दा चांगला आहे असे उत्तर लिहायलाही बसलो. लक्ष्मीने तुझे पत्र हातात घेतले, वाचले आणि म्हणाली, "वन्सं सहज म्हणून कधी काही विचारतात का? त्यांची दोन्ही मुलं कशी गेली, आठवतं का तुम्हाला?"

मग आठवले. दूध ओढेनाशी झाली, तोंड उघडेना, मुठी आवळल्या, अंग ताठ. तू हे मला सांगितले होतेस आणि मी तेव्हा 'हरि इच्छा' म्हणालो होतो.

मी तसाच इथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, होतो. कापलेली नाळ म्हणजे उघडी जखमच. तिच्यावर शेण थापले म्हणजे जंतूही आत गेला आणि वरून हवाही बंद झाली. अवायुजीवी जीवाला आणखी काय पाहिजे? ज्या शब्दाशी मी महिनाभर खेळतो आहे, त्याचा अर्थ हा आहे, ताई. मी त्याला योगी करून तुझ्या माजघरात आणून बसवला!

डॉक्टरांनी सांगितले ते लिहितो. नाळ कापायची सुरी आणि बांधायचा दोरा पाण्यात चांगला उकळावा. सुईणीने साबणाने हात धुवावेत. नाळेवर उकळून वाळवलेल्या फडक्याखेरीज काही लावू नये. शेण नको, माती नको, कसलाही लेप नको. आणि सर्वांत बरे म्हणजे तू इकडे निघून ये. लक्ष्मी तुझी खोली आवरते आहे.

महिपत

*

कल्याण, ९ डिसेंबर १८९४

चि. महिपत,

पत्र तुझ्या भावोजींनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिले आणि विहिरीवर जाऊन हातपाय धूत बसले, धुतलेले असताना पुन्हा. हे पत्रही तेच टाकतील.

मी पुष्कळ रडले. रडून झाल्यावर बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. इतकी वर्षे मी समजत होते की माझ्या दुधातच काही खोट आहे. आळीतल्या बायका तसे बोलत, मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात. ते दूध चांगले होते, महिपत. माझी मुले ते पीत होती.

आता अडचण ऐक. ठाण्याला येणे जमत नाही. आठव्या महिन्यात खाडी ओलांडायची नाही, असे सासूबाईंचे म्हणणे, आणि गाडी तर खाडीवरूनच जाते. भावोजींनी एकदा विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, "तुझं बाळंतपण आहे का?" ते परत विहिरीवर गेले. सगुणा परवा पोट पाहायला आली होती. तिला मी हळूच विचारले, शेण नाही लावले तर? ती हसली. "बाय, तुजे सासूनं सांगला का मी लावतंय. मना कोन इचारतं?"

म्हणजे सगळे सासूबाईंपाशी येऊन थांबते. आणि त्यांना मी काय सांगू? दोन्ही मुलांच्या नाळेवर शेण त्यांनी आपल्या हाताने थापले. दोन्ही मुलांसाठी त्या माझ्याहून जास्त रडल्या. दुसऱ्याच्या वेळी चार दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या. खरे सांगितले तर या वयात त्यांच्या काळजाला घाव, आणि न सांगितले तर माझे हेही जाईल. मला दोन्ही नको आहे. तुझ्या पुस्तकात यावर काही आहे का?

ताई

*

ठाणे, १६ डिसेंबर १८९४

ती. सौ. ताईस सा. न.

पुस्तकात नाही. तेव्हा मी स्वतः येतो. नाताळची सुटी लागली की डॉक्टरांचे जाड पुस्तक बगलेत मारून सासूबाईंसमोर बसेन आणि चित्रे दाखवून शास्त्र समजावीन. लक्ष्मी म्हणते, "तुम्ही समजावलंत की समोरच्याचा हट्ट दुप्पट होतो, मला विचारा." पण बायकांना शास्त्राची ताकद कळत नाही.

हे पत्रही भावोजींच्याच हाती येईल. तोवर त्यातला पुढचा एवढाच मजकूर माजघरात मोठ्याने वाच:

सासूबाईंना दंडवत. मागच्या पत्रांत माझ्या हातून फार मोठी गफलत झाली. नवे संशोधन असे की ते जंतू योगी नसून योग्याचे सोंग घेतलेले कपटी बैरागी आहेत. त्यांना लहान मुलांजवळ मुळीच फिरकू देऊ नये.

कसे आहे? तुझा

महिपत

*

कल्याण, २३ डिसेंबर १८९४

चि. महिपतला आशीर्वाद. येऊ नकोस. पुस्तक तर मुळीच आणू नकोस.

कपटी बैराग्याचा उतारा वाचला. सासूबाईंनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "महिपतराव हुशार आहेत, पण साधूची पारख नाही त्यांना." संपले तुझे संशोधन.

मग मला एक सुचले. तू शास्त्राच्या वाटेने चालला होतास, मी म्हटले, आपण सासूबाईंच्या वाटेने जाऊन पाहावे. बुधवारी त्या माजघरात तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले.

"सासूबाई, एक शंका आहे."

"विचार."

"मूल झालं की आपल्याला दहा दिवस सोयर. विटाळ म्हणून देवाला शिवायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. मग एवढ्या तपस्व्यांना त्याच खोलीत न्यायचं, तेही बाळंतिणीच्या कुशीत... चालतं का ते?"

त्यांचा हात सुपातच थांबला. माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. मग म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की! सोयरात योग्यांना कोंडायचं, म्हणजे पाप कुणाच्या माथी?"

आणि चक्र फिरू लागले ते काय विचारतोस! त्या खोलीत दहा दिवस शेणाचा कण नको. जमीनसुद्धा शेणाने सारवायची नाही, भावोजींकडून चुना मागवला. गोठ्यातल्या माणसाने उंबऱ्याच्या आत यायचे नाही. सगुणेला बोलावून बजावले, "तुझ्या हातावर, सुरीवर, दोऱ्यावर कुठे योगी बसलेले असतील, त्यांना आधी कढत पाण्याने स्नान घालून वाटेला लाव. आणि फडकं उकळलेलं." सगुणा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या घरान देव लय झालं." पण करीन म्हणाली.

सुरी, दोरा आणि फडक्याचे मी तर सुचवलेही नव्हते. त्यांचे त्यांनाच सुचले. मी मनात म्हटले, सोयर पाळण्यात सासूबाईंचा हात कुणी धरणार नाही.

आज दुपारी सुई हातात घेतली. एक झबले झाले आहे. बाही थोडी वाकडी गेली, पण लक्ष्मीला सांगू नकोस.

ताई

*

ठाणे, १३ जानेवारी १८९५

ती. सौ. ताईस सा. न.

मंगळवारी मुलगी झाल्याचे भावोजींचे कार्ड पोचले. त्यावर फक्त 'मुलगी. दोघी सुखरूप.' एवढेच होते. रेल्वेत राहून माणूस शब्दांचेही भाडे मोजू लागतो की काय?

ते एक पत्र सोडले तर मी आजवर तुला थट्टेवाचून लिहिले नाही, आज मात्र याहून जास्त थट्टा सुचत नाही. लेख छापून आला. संपादकांनी 'अवायुजीवी' शब्दाची तारीफ केली. मी तो अंक अजून उघडून पाहिला नाही. शाळेत फळ्यावर त्रिकोण काढतो आणि पोरे सांगतात, मास्तर, चौथी बाजू काढली. लक्ष्मी देवापाशी बसते आणि मला सांगते, देवापाशी बसले नव्हते, वाती वळत होते.

आठवा दिवस, नववा दिवस जाऊ दे. मग कुणीही दोन ओळी लिहा. मुलगी दूध ओढते का, एवढेच लिहा.

महिपत

*

कल्याण, २० जानेवारी १८९५

चि. महिपतराव यांस गंगुबाईंचे अनेक आशीर्वाद.

सांगणारी मी आहे, लिहिणारा माझा मुलगा उत्तम, म्हणजे तुमचे भावोजी. कलावती पोरीला घेऊन आत निजली आहे. हे पत्र तिने वाचायचं नाही, म्हणून तुम्हीही तिला याबद्दल लिहू नका.

आधी तुम्हाला पाहिजे ते सांगते. मुलगी दूध ओढते. चांगली ओढते. तोंड एवढं मोठं उघडते की मालधक्क्यापर्यंत ऐकू जावं. काल बारावा झाला, बारसं केलं. रंग तुमच्या घराकडचा, नाक आमचं, आवाज कुणाचा ते देव जाणे. तुम्ही आणि लक्ष्मी सवडीने येऊन बघून जा.

आता दुसरं. महिपतराव, तुमचा तो योगी मला पहिल्या पत्रात पटला होता, दुसरं पत्र पुरतं ऐकल्यावर नाही. धनुर्वाताचं कलावती वाचत होती तेव्हा मी गोठ्यात होते, पण गोठा काय कोसावर आहे? ऐकलं मी. पण ऐकलेलं मनाला शिवू द्यायचं नव्हतं, म्हणून आणखी जोरात योगी-योगी करत राहिले. पुढं उत्तम मालधक्क्यावरून तोंड पाडून आला. त्याचं तोंड मी तीस वर्षं वाचते आहे, त्यासाठी अक्षर यावं लागत नाही. धरला त्याला, आणि तुमचं पत्र वाचायला लावलं, त्यापुढचंही.

माझी तीन गेली, उत्तमच्या आधी. तिन्ही आठवड्याच्या आत-बाहेर. कुणी सटवी म्हणालं, कुणी दृष्ट म्हणालं. उत्तम झाला त्या साली गुरांवर रोग आला होता, आमची दोन्ही मेली. घरात शेणच नव्हतं. नुसती चिंधी बांधली आणि देवावर टाकलं. इतकी वर्षं मी सांगत आले की देवाने गुरं नेली आणि बदल्यात उत्तम दिला. तुमच्या पत्रानंतर तांदूळ निवडताना मला कळलं की काय झालं होतं.

हे लिहिताना उत्तम थांबला होता. मी त्याला म्हटलं, लिही, मी सांगते आहे ना?

मला माझ्या पाचांचं वाईट वाटतं. माझी तीन आणि कलावतीची दोन. फार वाईट वाटतं, ते कागदावर येणार नाही. पण एक खरं सांगते. हे कुणी मला तोंडावर सांगितलं असतं ना, तुम्ही तुमचं जाड पुस्तक घेऊन आला असता, तर मी या पोरीलाही शेण लावलं असतं. मुद्दाम लावलं असतं. ती जगली तर मी पाचांना मारलं नाही असं ठरलं असतं, म्हणून. माणूस असं करतो. कलावतीने सोयराचं काढलं तेव्हा मी तिच्याकडे बघत राहिले. पोर माझी लाज राखत होती. तिला वाटतं तिने मला फसवलं. तसंच वाटू दे तिला.

आता कामाचं. येत्या शुक्रवारी सगुणा तुमच्याकडे येते आहे, तिच्या मुलीकडे ठाण्याला जाणार आहे ती. मानपाड्यापासून कल्याणपर्यंत किती घरांतली मुलं तिने हातावर घेतली, त्याची मोजदाद नाही. सगळीकडे शेण थापते. तिला नीट बसवून घ्या, लक्ष्मीला चहा करायला सांगा, आणि सुरी-दोरा-फडक्याचं पुन्हा एकदा पक्कं करून द्या. तुमचा तो मोठा शब्द तिला सांगू नका. धनुर्वाताचंही सांगू नका. तिला उद्या पुन्हा कुणाची तरी नाळ कापायची आहे, तिचा हात थरथरायला लागला तर ते मूलही जाईल. सोयरात योगी चालत नाहीत, एवढंच सांगा. मला निमित्त मिळालं, तिलाही मिळू द्या.

गंगुबाई